आजींच्या फोनवर आलेले १८७ मेसेज: एका लूपची केस

श्रावणातला गुरुवार, रात्रीचे पावणेदहा, मी डोंबिवलीला जेवायला बसलेलो आणि खजिनदार काकांचा फोन. "अरे तुझ्या त्या ॲपनं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वेड लावलंय, फोन टुणटुण वाजतोय थांबायचं नाव नाही, काय केलंस तू?" मी म्हटलं काका दोन मिनिटं द्या, हात धुतो. तेवढ्यात दुसरा फोन, वर्गणीला फिरणाऱ्या पोरांपैकी एकाचा, "दादा, पहिल्या मजल्यावरच्या कोणालाच मेसेज गेला नाय, लोक विचारतायत पैसे घेतले आणि पावती कुठाय."

थोडं मागचं सांगतो. लालबागच्या ज्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो तिथल्या गणपती मंडळाचं वर्गणीचं छोटंसं वेब ॲप आहे, मंडळाचं नाव इथे घेत नाही, उगाच काका रागावतील. मूळ कोड एका जुन्या कार्यकर्त्यानं लिहिलेला, जेक्वेरीच्या जमान्यातला, सगळीकडे व्हार (व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नावाचा डबा, बनवायचा जुना शब्द) आणि कॉलबॅक (उत्तर आलं की चालवायला ठेवलेला कोडचा तुकडा, म्हणजे फंक्शन). पण एक गोष्ट मला त्या कोडची जाम आवडायची, व्हेरिएबलची नावं देवनागरीत होती. जावास्क्रिप्टला ते चालतं, 'यादी' आणि 'दाता' ही अगदी रीतसर नावं आहेत, कॉम्प्युटर काही कुरकुर करत नाही. आधी ॲपचं काम साधं होतं, पोरगा एका खोलीत गेला, नाव-मोबाइल-रक्कम भरली, बटण दाबलं, सर्व्हरनं पावती नंबर दिला, तो नंबर घेऊन देणाऱ्याला एसएमएस गेला. एका वेळी एक माणूस. हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं.

यंदा पोरांची तक्रार होती की चाळीच्या आतल्या खोल्यांमध्ये नेटवर्क मिळत नाही, गोल फिरत राहतं आणि समोर काकू उभ्या असतात ताटकळत. म्हणून मी म्हटलं नोंदी फोनमध्येच साठवू आणि रात्री मंडळाच्या ऑफिसात वायफायवर आल्यावर एक 'सिंक' बटण दाबलं की सगळ्या एकदम वर जातील. कल्पना बरोबरच होती. मी काय केलं तर तो जुना एका माणसाचा कोड उचलला आणि त्याच्याभोवती फॉर लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा करणारी फेरी, गुंडाळला, आजूबाजूला सगळं व्हार आहे म्हणून मीपण व्हारच लिहिलं, आणि 'चालतंय' म्हणून सोडून दिलं. टेस्ट किती नोंदींवर केली? एका. म्हणजे झोल करणारा दुसरातिसरा कोणी नाही, मीच.

फळा आणि चिठ्ठी

शुक्रवारी ऑफिसला दांडी मारली, स्लो लोकल पकडून करी रोडला उतरलो, पावसात भिजत चाळीत गेलो. आजींचा फोन साधा बटणांचा, त्यावर 'मेमरी फुल'. एसएमएस गेटवेचा, म्हणजे आमचे मेसेज पाठवणाऱ्या सेवेचा, रिपोर्ट काढला तर एकाच मोबाइलवर १८७ मेसेज, सगळ्यांचा मजकूर एकच, आपली ५१ रुपये वर्गणी मिळाली, फक्त पावती नंबर बदलत जाणारा. हिशोब केला तर आजींनी एका रात्रीत ९,५३७ रुपये वर्गणी दिली होती. आजी म्हणाल्या, "अरे मी दिले एक्कावन्नच, बाकीचे माझ्या पेन्शनीतून कापले नाहीत ना?"

गंमत म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी बरोबर होत्या. १८७ नावं, १८७ मोबाइल, रकमा, सगळं जागच्या जागी. चुकले होते फक्त मेसेज. आणि आजी यादीत शेवटच्या, कारण त्यांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, पोरं तिथे सगळ्यात शेवटी गेली. शेवटचा माणूस हे कळलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

लूपच्या आत काय होतं ते शब्दात सांगतो. व्हार दाता बरोबर यादी कंसात आय, म्हणजे यादीतला आय नंबरचा माणूस, आय हा फेरीचा आकडा. मग सर्व्हरला रिक्वेस्ट, त्यात दात्याचं नाव, मोबाइल, रक्कम. आणि सोबत एक कॉलबॅक, की उत्तर आलं की दात्याच्या मोबाइलवर मेसेज पाठव. आता रिक्वेस्टमध्ये जी माहिती जाते ती त्याच क्षणी वाचली जाते, तेव्हा दाता म्हणजे खरंच तो तो माणूस असतो, म्हणून नोंदी बरोबर. पण कॉलबॅक चालतो नंतर. जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करतं आणि हातातला कोड पूर्ण संपल्याशिवाय कुठल्याही कॉलबॅकला हात लावत नाही. १८७ फेऱ्यांचा लूप काही मिलिसेकंदात संपतो, आणि सर्व्हरचं पहिलं उत्तर यायलाच साधारण ४०० मिलिसेकंद लागत होते. म्हणजे पहिला कॉलबॅक जागा झाला तेव्हा लूप कधीच संपून गेलेला, आणि व्हारनं बनवलेला दाता हा अख्ख्या फंक्शनमध्ये एकच असतो, लूपच्या कंसात लिहिला तरी एकच, त्याच्यात आता आजी बसलेल्या. १८७ कॉलबॅक आले, प्रत्येकानं विचारलं दाता कोण, उत्तर प्रत्येकाला एकच. आजी.

काकांना हे समजावताना मी मंडळाच्या फळ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं काका, समजा तुम्ही पोरांना कामाला पाठवताय आणि प्रत्येकाला सांगताय की 'कोणाकडे जायचं ते फळ्यावर लिहिलंय, निघायच्या वेळी बघ'. तुम्ही फळ्यावर एक नाव लिहिता, पोराला सांगता, ते पुसून दुसरं लिहिता, दुसऱ्या पोराला सांगता. पोरं चहा पिऊन निघेपर्यंत फळ्यावर शेवटचं नाव. सगळी पोरं एकाच घरी. काका म्हणाले, "मग चिठ्ठी द्यायची ना प्रत्येकाच्या हातात." बरोब्बर. तीच चिठ्ठी म्हणजे लेट, व्हारच्या जागी वापरायचा जावास्क्रिप्टचा नवा शब्द.

क्लोजर म्हणजे फंक्शन बाहेरचं व्हेरिएबल लक्षात ठेवतं, हे कोड लिहिणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. पण ते किंमत लक्षात ठेवत नाही, व्हेरिएबलच लक्षात ठेवतं, फळा लक्षात ठेवतं, फळ्यावरचं नाव नाही. माझ्यासकट भल्याभल्यांची विकेट इथे जाते. लेट लिहिलं की दर फेरीला नवीन व्हेरिएबल तयार होतं. फॉरच्या कंसात लेट आय लिहिलं तर तिथेही तसंच, फेरी संपली की जुन्या आयची किंमत नव्या आयमध्ये कॉपी होते आणि वाढवली जाते ती नव्यामध्ये, त्यामुळे आधीच्या फेरीत बनलेल्या कॉलबॅककडे त्याचा स्वतःचा आय तसाच राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. मूळ कोडमध्ये 'दाता' न बनवता कॉलबॅकमध्ये थेट यादी कंसात आय असं लिहिलं असतं तर आजींना एकही मेसेज गेला नसता. कारण लूप संपतो तेव्हा आय होतो १८७, आणि यादीची मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा इंडेक्स १८६. यादी कंसात १८७ म्हणजे अनडिफाइंड, तिथे काहीच नाही, त्याचा मोबाइल वाचायला गेलं की एरर, सगळे कॉलबॅक फटाफट मेले असते आणि मला कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लालेलाल दिसलं असतं. तो बग बरा. हा बग वाईट, कारण सगळं 'यशस्वी' झालं.

लेट आलं २०१५ मध्ये, ईएस सिक्स या जावास्क्रिप्टच्या व्हर्जनबरोबर. त्याआधी लोक प्रत्येक फेरीत एक फंक्शन बनवून तिथल्या तिथे चालवायचे आणि दात्याला पॅरामीटर म्हणून आत द्यायचे, त्याला आयआयएफई म्हणायचे, कंसांचा नुसता राडा. आणि हा घोळ फक्त जावास्क्रिप्टचा आहे असंही नाही, सी शार्प भाषेनं फॉरईच लूपमधली हीच गोष्ट २०१२ मध्ये पाचव्या व्हर्जनला बदलली, आणि गो भाषेनं तर फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ ला. म्हणजे मोठमोठ्या लोकांनाही हे नंतर सुचलं. हे मी काकांना सांगितलं नाही, त्यांना त्याचं काही घेणंदेणं नव्हतं.

तर व्हार काढून लेट टाकलं. एक सांगतो, मी घाईत आधी ते लेट फंक्शनच्या वरच्या ओळीला टाकलेलं, लूपच्या बाहेर, आणि लूपमध्ये नुसतं दाता बरोबर अमुक. तीन नोंदींवर टेस्ट केली तर तिन्ही मेसेज तिसऱ्याला. लेट जादू नाही, फळा लेटचा असला तरी लूपच्या बाहेर टांगला तर तो फळाच. आत आणलं, कॉन्स्ट केलं (लेटसारखंच, फक्त नंतर बदलता न येणारं), मेसेज बरोबर जायला लागले. आजींना सॉरी म्हटलं, त्यांनी साखर टाकलेलं दही हातावर दिलं.

दुसरा झोल, जो पहिल्यातच दिसत होता

शनिवारी काका प्रिंट काढून बसले. "हे बघ, ४१२ नंबरच्या पावत्या चार. ४१३ तीन. मग एकदम ४१४ पाच जणांना. आणि पहिल्या मजल्याच्या आधी दुसऱ्या मजल्याचे नंबर. ऑडिटला काय तोंड दाखवू?" त्यांचं बरोबर होतं, वर्गणीचा हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या नियमांत बसवायचा असतो, पावती नंबर डबल असेल तर उगाच शंका येते.

आणि मग मला आजींचा तो रिपोर्ट आठवला. पुन्हा उघडला. त्या १८७ मेसेजमध्येही नंबर डबल-तिबल होतेच! मी फक्त मोबाइलचा कॉलम बघत बसलो आणि शेजारच्या कॉलमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरा बग पहिल्याच्या पोटात झोपलेला होता.

कारण तेच. लूप संपलेला असतो, काम संपलेलं नसतं. लूपनं १८७ रिक्वेस्ट एका दमात सोडल्या. आमचा सर्व्हर जुन्या एचटीटीपी १.१ वर, क्रोम एका होस्टला एका वेळी सहाच कनेक्शन उघडतो, बाकीच्या रांगेत. म्हणजे सर्व्हरवर एकदम सहा जण येणार. आणि सर्व्हरचा कोड काय करत होता, डेटाबेसमधून शेवटचा नंबर वाच, त्यात एक मिळव, नवी पावती लिही. सहा जणांनी एकदम वाचलं तर सगळ्यांना ४११ दिसणार, सगळे ४१२ लिहिणार. म्हणून डबल नंबर जास्तीत जास्त पाच-सहाच्या टोळक्यानं, कधी २० नाहीत. ही खूण मला पटकन दिसली असती तर निम्मी रात्र वाचली असती.

एकामागून एक पाठवायचं हे ठरलं. आमच्यातला एक पोरगा बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, तो म्हणाला, "दादा, कॉलबॅक काढा ना, असिंक-अवेट वापरा, मी करतो." असिंक फंक्शनमध्ये अवेट लिहिलं की ते उत्तर येईपर्यंत तिथे थांबतं. आणि त्यानं केलं. यादी डॉट फॉरईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी एक फंक्शन बोलवायची सोय, आत असिंक फंक्शन, आत अवेट, आणि काळजी म्हणून फॉरईचच्या आधीपण एक अवेट. वाचताना इतकं सुंदर दिसत होतं की मीही मान डोलावली. खाली ओळ होती, फोनमधली यादी रिकामी कर आणि 'सगळं झालं' दाखव.

रविवारी रात्री पोरानं सिंक दाबलं, लगेच 'सगळं झालं' आलं, पापणी लवायच्या आत. त्यानं खूश होऊन टॅब बंद केला आणि घरी गेला. १४३ नोंदींपैकी सर्व्हरवर पोचल्या ६१. बाकी ८२ गेल्या हवेत, कारण फोनमधली यादी कोडनं आधीच पुसली होती.

फॉरईच कोणाची वाट बघत नाही. त्याला जे फंक्शन द्याल ते तो प्रत्येकासाठी बोलावतो आणि ते जे परत देतं ते फेकून देतो. असिंक फंक्शन परत काय देतं तर प्रॉमिस, म्हणजे 'काम झालं की कळवतो' असं वचन. १४३ वचनं फॉरईचनं सरळ कचऱ्यात टाकली. आणि स्वतः परत देतो अनडिफाइंड, मग त्याच्या आधी लावलेला अवेट अनडिफाइंडची वाट बघतो, म्हणजे बघतच नाही. आतला अवेट थांबतो, पण तो थांबतो आपल्या एकट्या फंक्शनपुरता, बाहेरच्या लूपला त्याची खबरही नसते. एरर आली तर तीही ह्या टाकलेल्या वचनात, बाहेर ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडायचा सापळा, लावून उपयोग शून्य. ब्राउझर कन्सोलवर एक ओळ छापून गप्प बसतो, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) मात्र १५ व्या व्हर्जनपासून असं न झेललेलं प्रॉमिस फुटलं तर डीफॉल्टनं अख्खी प्रोसेसच बंद पडते.

त्या ८२ नोंदी परत कशा मिळाल्या माहितीय? काकांचं कार्बनचं पावती पुस्तक. काकांनी ॲप आलं तरी कार्बन सोडला नव्हता, पोरं वैतागायची दोनदा लिहायला लागतं म्हणून. सोमवारी संध्याकाळी मी, तो बीएस्सीवाला आणि काका, एक जण वाचणार, एक टाइप करणार, एक टिक मारणार. ८२ नोंदी, मध्ये दोनदा चहा. काका एक शब्द बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत होते. ते जास्त लागलं.

मध्ये एक वळण, घरीच सापडलेलं

त्या रात्री मी पुढचा प्रयत्न केला, हा मात्र आधी लॅपटॉपवर, खोट्या नोंदी टाकून. फॉरईचच्या जागी मॅप, जो प्रत्येक फंक्शननं परत दिलेलं सांभाळून ठेवतो, आणि ती सगळी वचनं गोळा करून प्रॉमिस डॉट ऑलला अवेट. आता 'सगळं झालं' खरंच शेवटी येतं. पण मॅपही सगळ्या रिक्वेस्ट एकदमच सोडतो, थांबतो फक्त शेवटी, त्यामुळे नंबरांचा गोंधळ जसाच्या तसा. वर एक नवीन लफडं. मी मुद्दाम एका नोंदीत नऊ आकडी मोबाइल टाकला, सर्व्हरनं नाकारला, मी उत्तर तपासून एरर फेकत होतो कारण फेच, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणारं ब्राउझरचं फंक्शन, सर्व्हरकडून ४०० म्हणजे 'चुकीची मागणी' असं उत्तर आलं तरी स्वतः एरर देत नाही, नेटवर्कच तुटलं तरच देतो. एक एरर आली आणि प्रॉमिस डॉट ऑलनं लगेच 'फेल' जाहीर केलं, पण बाकीच्या रिक्वेस्ट काही थांबत नाहीत, त्या मागे चालूच. पोरगा फेल बघून पुन्हा बटण दाबणार, आणि अर्ध्या नोंदी दोनदा. प्रॉमिस डॉट ऑलसेटल्ड आहे २०२० पासून, ते सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबतं आणि कोण पास कोण नापास ते सांगतं, चांगलं आहे, पण आमचा प्रश्न तो नव्हताच. आम्हाला रांग हवी होती.

बीएस्सीवाल्यानं रात्री दीडला मेसेज केला, "दादा फॉर अवेट वापरू का?" ते २०१८ चं, आणि नावामुळे सगळे फसतात. आधी मॅप करून प्रॉमिस बनवली असतील तर कामं सुरू झालेलीच असतात, फॉर अवेट फक्त उत्तरं ओळीनं ऐकतं. बेस्टच्या स्टॉपवर सगळे आधीच बसमध्ये चढून बसलेत आणि मग आपण रांग लावा रांग लावा ओरडतोय, तसं.

शेवटी चाललं ते

जे चाललं ते दिसायला सगळ्यात साधं. फॉर, कंसात कॉन्स्ट दाता ऑफ यादी, आत अवेट पाठव दाता. बास. फॉर ऑफ हा खरा लूप आहे, त्याच्या आतला अवेट त्याच फंक्शनचा असतो, म्हणून अवेटला फंक्शन थांबतं आणि त्याच्याबरोबर लूपही थांबतो. उत्तर आलं की पुढची फेरी. ब्राउझर अडकून पडत नाही, स्क्रीन हलते, बटणं चालतात, फक्त हे एक फंक्शन पॉज. असिंक-अवेट २०१७ ला भाषेत आलं, त्याआधी हेच करायला लोक रिड्यूस वापरून प्रॉमिसची साखळी ओवायचे, किंवा एक 'पुढचा' नावाचं फंक्शन लिहायचे जे काम झालं की स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. मीही लिहिलेत असे, आणि सहा महिन्यांनी वाचताना मलाच कळायचे नाहीत.

लिंटरनं, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं, लगेच पिवळं केलं, लूपमध्ये अवेट नको म्हणून. ईएसलिंट या आमच्या लिंटरमध्ये तो नियमच आहे, नो अवेट इन लूप. बऱ्याचदा तो बरोबर असतो, कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर कशाला ताटकळायचं. पण त्याच नियमाच्या माहितीत लिहिलंय की फेऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर हा नियम बंद करा. आमच्या फेऱ्या अवलंबून होत्या, नंबर ओळीनं हवे होते. कॉमेंट टाकून तेवढ्या ओळीपुरता बंद केला, कारण मराठीत लिहिलं, 'पावती नंबर क्रमानं हवेत, हे वेगवान करायला जाऊ नका'. आणि ह्याच लिंटरमध्ये नो लूप फंक नावाचा दुसरा नियम आहे ज्यानं माझा मूळ व्हारवाला कोड पहिल्या दिवशीच पकडला असता. लिंटर त्या प्रोजेक्टला लावलेलाच नव्हता. असो.

वेळ किती लागला? १८७ गुणिले ४०० मिलिसेकंद, जवळपास पंच्याहत्तर सेकंद म्हणा, सव्वा मिनिट. पोरगा म्हणाला "दादा स्लो झालं." मी स्क्रीनवर '१८७ पैकी ४३' असा आकडा पळता ठेवला, तक्रार बंद. वडापाव संपायच्या आत सिंक होतं, अजून काय पाहिजे.

पण नुसता लूप बदलून भागलं नाही. ट्राय-कॅच लूपच्या आत आणला, आणि दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या. मोबाइल नंबर चुकीचा वगैरे असेल तर ती एक नोंद बाजूला ठेव आणि पुढे जा. नेटवर्कच गेलं असेल तर तिथेच थांब, उगाच उरलेल्या शंभर जणांवर डोकं आपटू नको. फोनमधली नोंद पुसायची ती त्या नोंदीचं उत्तर आल्यावरच, एकेक करून, म्हणजे टॅब मध्येच बंद केला तरी उद्या तिथूनच पुढे. आणि सिंक चालू असताना बटण बंद, कारण आपली पोरं लिफ्टचं बटणही चारदा दाबतात.

एक फट उरत होती. सर्व्हरनं पावती बनवली पण उत्तर येताना नेट गेलं, तर फोनला वाटणार झालंच नाही, पुन्हा पाठवणार. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच जन्मतः एक युनिक आयडी दिला, ब्राउझरमध्ये रँडम यूयूआयडी बनवायची सोय आहे, फक्त साइट एचटीटीपीएसवर पाहिजे. तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हर नवी पावती करत नाही, जुनाच नंबर परत देतो.

मेसेजचं काम मी ह्या रांगेतून बाहेर काढलं. मेसेज कोणाला आधी कोणाला नंतर गेला तर काय बिघडतं? ते पाच-पाचच्या घोळक्यात एकदम जातात, प्रॉमिस डॉट ऑलसेटल्ड तिथे कामाला आलं. आधी मी सगळे एकदम सोडून बघितले तर गेटवेनं ४२९ तोंडावर मारलं, म्हणजे बाबा रे जरा दमानं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला मंगळवारी ट्रेनमध्ये सुचलं, मुंब्र्याच्या बोगद्यात. माझा लूप कितीही शहाणा असला तरी तो एका फोनचा. रात्री साडेनऊला चार पोरं चार फोनवर सिंक दाबतात. चार रांगा, एक खिडकी, आणि खिडकीवरचा माणूस अजूनही 'वाच, एक मिळव, लिही' करतोय. फोनवर रांग लावून डबल नंबर कमी झाले होते, गेले नव्हते. तो इलाज सर्व्हरवरच हवा. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, पहिला विचार आला सीक्वेन्स, म्हणजे डेटाबेसचं आपोआप पुढचा नंबर देणारं यंत्र, वापरू, तो कधी डबल देत नाही. पण सीक्वेन्सनं एकदा नंबर दिला आणि पुढे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारी डेटाबेसची कामं) रद्द झालं तर तो नंबर परत येत नाही, मध्ये भोक पडतं. इतर कुठे चालेल, काकांना चालणार नाही. म्हणून एका टेबलात काउंटरची एकच ओळ ठेवली, पावती लिहायच्या ट्रान्झॅक्शनमध्येच तिला अपडेट करून नवा नंबर त्याच फटक्यात परत घ्यायचा. जोवर एकाचं ट्रान्झॅक्शन संपत नाही तोवर ती ओळ लॉक, दुसरा थांबतो, आणि रद्द झालं तर काउंटरही मागे. शिवाय पावती नंबरच्या कॉलमवर युनिकची अट, एकच नंबर दोनदा नको, म्हणजे माझा पुढचा कुठला बग आला तर डेटाबेसच हाकलून देईल.

हे सगळं गुरुवारी लावलं, आजींच्या मेसेजला बरोबर एक आठवडा झाला होता. चार पोरांनी एकदम बटण दाबलं, मी मुद्दाम दाबायला लावलं. मजल्यांचा क्रम चार फोनमध्ये सरमिसळ होणार हे काकांना आधीच सांगून ठेवलेलं, प्रत्येक फोनची आपापली ओळ सरळ राहते एवढंच माझ्या हातात. ते म्हणाले पुस्तकं चार असली की तसंच होतं, त्यात काय.

शेवटच्या वर्गणीनंतर काकांनी प्रिंट आणि कार्बन शेजारी ठेवून टिका मारायला घेतल्या. एकही डबल नाही, एकही भोक नाही. ५३८ वर बोट थांबलं. "ह्याची रक्कम शून्य का?" मी बघितलं, पोरानं एकाच घरची नोंद चुकून दोनदा भरली होती, वेगवेगळ्या आयडीनं, नंतर ॲपमधूनच रद्द केली होती. म्हटलं काका ती रद्द आहे, नंबर ठेवलाय, कारण शेजारी लिहिलंय.

काकांनी कार्बनचं पुस्तक उघडून मागचं एक पान दाखवलं, आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलेलं, खाली सही. मग पेनानं प्रिंटवरच्या ५३८ वर तशीच आडवी रेघ मारली, सही केली आणि ५३९ वर गेले.